नावापुढची ओळ

"नाव घ्या आणि थांबा," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "पुढचं त्यांना म्हणू द्या."

वकीलसाहेबांनी खुर्ची आईच्या पलंगाजवळ ओढली आणि देवाचं नाव घेतलं. आईने ते लगेच उचललं, अगदी स्वच्छ. मग तिचे ओठ थरथरले. वकीलसाहेबांना धीर कुठला! त्यांनी पुढची ओळ म्हणून टाकली. आईने नकारार्थी मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं.

"थांबा म्हटलं होतं मी."

"अहो, आठवत नाही तिला. आठवण करून दिली."

अर्धांगाच्या झटक्याने आईची वाचा जाऊन तीन महिने झाले होते. आता नवीन काही शिकवून उपयोग नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लहानपणी पाठ झालेलं मात्र मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतं. ते एकदा सबंध बाहेर पडलं की बाकीचे शब्दही वाट काढतात. वकीलसाहेबांना फार काही नको होतं. पंचावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला 'बाळ्या' म्हणणारं जगात एकच माणूस होतं आणि ते गप्प झालं होतं. ते त्यांना सहन होत नव्हतं.

पण प्रार्थना काही पुढे सरकेना. आई जन्मभर प्रार्थनेला बसली ती मनातल्या मनात. ओठ तेवढे हलायचे. माहेरच्यांना विचारावं तर तिकडे कोणी नाही. साथीत सगळे गेले, एवढंच ती सांगायची आणि उठून कामाला लागायची.

बाई दुसऱ्या धर्माच्या. त्यांच्याही प्रार्थनेची सुरुवात त्याच नावाने व्हायची, आणि वकीलसाहेबांचं सगळं भांडण तिथेच होतं. देव तुमचा वेगळा, मग नाव आमचं कशाला? त्या लोकांना ते नाव घ्यायला बंदी करावी, असा कोर्टात द्यायचा अर्ज तयार होता. तिसऱ्या पानावर त्या लोकांची प्रार्थना पुराव्यादाखल जशीच्या तशी उतरवली होती. माझ्या आईसमोर ते नाव तुम्ही घ्यायचं नाही, असं त्यांनी बाईंना बजावलं होतं. बाईंनी ते पाळलं.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "आजींनी हाक मारली काय नि मी मारली काय, ऐकणारे दोन असतात का हो?"

"ते कोर्ट बघेल. तुम्ही तुमचं काम करा."

वकीलसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं. आईने उचललं. तेवढ्यात फोन वाजला. अर्ज करणाऱ्या समितीचे सचिव होते. अर्जाची फाईल काखोटीला मारून वकीलसाहेब खिडकीशी गेले.

"हो हो, उद्या दाखल करतो. वाचून वाचून पाठ झालीय मला त्यांची प्रार्थना. आपल्या माणसाच्या तोंडी त्यातली एक ओळ यायची नाही..."

मागून आवाज आला. आईचा! अडखळणं नाही, थांबणं नाही. शब्दांकडे लक्ष जाण्याआधीच वकीलसाहेबांना रडू फुटलं. फोन हातात तसाच धरून ते वळले. बाईंनी हातानेच त्यांना 'थांबा' अशी खूण केली.

प्रार्थना संपली. आईने डोळे उघडले.

"बाळ्या," ती म्हणाली.

वकीलसाहेबांचा हात काखेतल्या फाईलकडे गेला. आईने म्हटलं ते अर्जाचं तिसरं पान होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.