पाचवा केक

"शेंगदाणे नको, दूध नको, गहू नको! मग पोरीने खायचं तरी काय, हवा?" इराच्या वाढदिवसाला आल्या आल्या तिच्या बाबांच्या कुंदाआत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

इराची आई, शाल्मली, बशा मांडत राहिली. लेकीला सोसेल अशी कृती शोधण्यात तिचा महिना गेला होता. चार केक बसले. पाचवा, नाचणी आणि नारळाच्या दुधाचा, फुलला. आज पहिल्यांदाच इरा सगळे खातात तोच केक खात होती.

आत्यांनी तिसरा तुकडा उचलला. "याला म्हणतात केक! कुठल्या बेकरीतला गं?"

"घरचाच. इराला चालतो तोच."

आत्यांनी तुकडा खाली ठेवला. "तरीच! पहिल्या घासापासून घसा खवखवतोय माझा."

इराने काळजीने त्यांचा हात धरला. "आजी, तुलाही सोसत नाही? आईला सांग, ती तुझ्यासाठी शोधेल काहीतरी."