बाबागाडीचा आधार

सासऱ्यांचं पायदुखीचं नाटक उघडं पडलं, तर रोज दुधाच्या रांगेत उभं राहणं सुनेचं टळणार होतं. सासऱ्यांना घेऊन डॉक्टरांसमोर बसताक्षणी तिने सांगून टाकलं, “नातवाची बाबागाडी ढकलत बागेला चकरा मारायचे. रिकाम्या हातांनी रांगेत पाठवलं, की पाय भरून येतात म्हणे.” डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. “खरंच येतात. कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झालीय, नसा दबल्यात. गाडीवर वाकलं, की जागा मोकळी होते. ताठ झालं, की कळ. इंजेक्शन देऊ, व्यायाम करा, नाहीच भागलं तर ऑपरेशन. पण गाडी सोडली कशाला?” नाटक उघडं पाडायला महिनाभर गाडी सूनच ढकलत होती, सासऱ्यांना शेजारून ताठ चालवत होती. “माझीच हौस,” सासरे म्हणाले. “म्हटलं, ऐटीत चालावं.” डॉक्टर त्यांना बरंच बोलले. कळा त्यांनीच सोसल्या, बोलणीही त्यांनीच खाल्ली.