पांढरी भुकटी

दिनांक चार फेब्रुवारी, बुधवार, सकाळचे साडेदहा, कोल्हापूर, विद्याधरच्या घरामागील पत्र्याची शेड. रविवारच्या शर्यतीपूर्वी दिग्विजयच्या मोटारसायकलीचे तडकलेले मागचे पॅनेल सांधायचे होते. गतवर्षी विद्याधरनेच कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक बसवून सहा आठवड्यांत त्याचे पॅनेल घडवले होते आणि पंचवीस वर्षांच्या मैत्रीखातर भेट दिले होते.

“हा लाल रंग कशाला मारलास? माझं विणकाम झाकलंस. जडही लागतंय,” विद्याधर पॅनेल हातात तोलत म्हणाला.

“रंगाला वजन असतं, गुरुजी. तुम्ही आपलं सांधा,” दिग्विजय हसला.

विद्याधरची पत्नी शैलजा डब्यातून सांधायचे रेझिन काढत होती. विद्याधरने भेगेभोवती पॉलिशपेपर घासला. आधी लाल भुकटी निघाली, मग प्रायमरची राखाडी, त्यानंतर पांढरी. तो थांबला. कार्बन घासला की काळी भुकटी पडते. पांढरी पडते ती साध्या फायबरग्लासची. त्याने आणखी खोल घासून पाहिले. बोटे पांढरीच राहिली.

“माझं कुठं आहे?”

दिग्विजयने खुर्ची मागे सरकवली. “पुण्याचा एक जण मागेच लागला होता. विकलं. त्याआधी त्यावरून साचा काढून हे करून घेतलं. दिसायला तेच आहे की.”

“विचारलं असतंस, तर त्याला मी दुसरं करून दिलं असतं.”

“तुला वाईट वाटलं असतं, म्हणून नाही विचारलं.”

विद्याधरने पॉलिशपेपर खाली ठेवला. शैलजाने रेझिनच्या डब्याचे झाकण घट्ट लावले आणि पॅनेल उचलून दिग्विजयच्या हातात दिले.

“भाऊजी, आम्ही बाहेरची कामं घेत नाही.”