दोन पंप, एकच पत्ता

गच्चीवरची टाकी वाहायला लागली, तशी खालून हाक आली, "करंबेळकरबाई, पंप बंद करा!"

सोसायटीच्या सेक्रेटरी इंदुमतीबाईंनी सवयीने मोबाइलवर 'बंद' दाबलं. पाणी थांबलं नाही. उलट बाई स्वतःच सोफ्यावर कोसळल्या. क्षणभराने त्यांच्या हृदयाच्या जागी बसवलेला पंप शिट्टी वाजवत आपोआप सुरू झाला आणि त्यांनी डोळे उघडले.

सून शलाका धावत आली. काल बाई हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिनेच तो पंप घरच्या नव्या राउटरला जोडला होता. राउटरने त्याला पत्ता म्हणून बावीस नंबर दिला. सोसायटीच्या नेटवर्कवर टाकीचा पंपही बावीसच होता.

"अहो, झोपलात का?" खालून आरडाओरडा वाढला. बाईंचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

"आई, दाबू नका! घरातून दाबलं की घरातलाच बावीस बंद होतो. आणि डॉक्टर म्हणालेत, हा आपोआप एकदाच सुरू होतो."

बाईंनी मोबाइल हळूच लांब सरकवला. वर पाणी धो धो सांडत होतं. नळ ठिबकला तरी नोटीस लावणाऱ्या इंदुमतीबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "खिडकीतून सांग त्यांना. वाहू दे म्हणावं."