तिसरं गाणं, मधूनच

"आधी ती पेटी बंद कर," गिस्लॅन म्हणाला. त्याने अजून कोटही काढला नव्हता. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर ओघळत होता.

यानिकने ड्रमशेजारच्या इलेक्ट्रॉनिक पेटीचं बटण दाबलं. लाल दिवा विझला.

"ड्रमला चिकटवलेल्या वायरीही काढ. मला तुझे हात ऐकायचेत, मशीन नाही."

यानिकने एकेक वायर उपटली. मारीझ गिटार गळ्यात अडकवून भिंतीशी उभी होती. बँडची सगळी गाणी तिचीच.

गिस्लॅन तिव्हिएर्जने साठी ओलांडली होती. एके काळचा ड्रमर. मनगट कामातून गेल्यावर संगीतावर लिहायला लागला. टेक्निकल डेथ मेटल या सुसाट, किचकट रॉकच्या बाबतीत कॅनडातल्या अख्ख्या क्वेबेक प्रांतात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ऑक्टोबरमध्ये यांच्या बँडची पहिली रेकॉर्ड आली आणि त्याने लिहिलं, 'गिटार अस्सल. ड्रम माणसाने वाजवलेले नाहीत.'

तेवढ्याने वाट लागली. उन्हाळ्यातल्या महोत्सवाच्या आयोजकांनी त्यांचं नाव अडकवून ठेवलं. आधी म्हाताऱ्याचं समाधान करा, मग बघू, म्हणाले. त्यांच्या त्रुआ-रिव्हिएर शहरातल्या बारमध्ये पोरं यानिकला हाक मारायची, "काय रे कॉम्प्युटर, आज चालू का बंद?"

"मला बोलवायला चार महिने लावलेत," गिस्लॅन खुर्ची ओढत म्हणाला.

"आमची व्हॅन बंद होती," मारीझ म्हणाली. "मग बर्फ. मग याची नोकरी."

"नोकरी सोडली मी," यानिक म्हणाला. "नोव्हेंबरातच."

"कागद गिरणीतली? कायमची होती ना ती? का सोडलीस?"

"वाजवायला."

"आई काय म्हणाली?"

"बोलत नाही माझ्याशी."

गिस्लॅनने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "राग आला असेल माझा."

"तुम्ही आमच्या संगीताला गणित म्हणालात."

"गणिताची परीक्षा म्हणालो. दर दोन ओळींना ताल बदलतो, आणि हात इकडचा तिकडे झाला तर शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं. म्हणून तर जीव आहे माझा या संगीतावर, पोरा. परीक्षेचं मला वावडं नाही. कॉपीचं आहे." तो पुढे वाकला. "सरळ सांग. रेकॉर्डवरचे हात तुझे?"

यानिकने काड्या उचलल्या. "ऐका. आणि तुम्हीच ठरवा."

"ठीक. तिसरं गाणं. सुरुवातीपासून नको, मधूनच. गायक गप्प होतो ना, तिथून."

मारीझचा चेहरा उतरला. सगळ्या रेकॉर्डमध्ये त्याहून अवघड जागा नव्हती.

तिने सूर धरला. यानिकने एकदा श्वास घेतला आणि सुरुवात केली.

खिडकीची तावदानं थरथरली. दोन्ही पाय पेडलवर असे धावत होते की एकेक ठोका वेगळा मोजणं अशक्य; वर डावा हात त्याचा स्वतःचा ताल धरून होता, उजवा भलताच. गिस्लॅनने डोळे मिटले. गुडघ्यावर त्याचं बोट हलत होतं. ताल बदलला, पुन्हा बदलला. बोट एकदा चुकलं. यानिक चुकला नाही.

मग फटकन आवाज झाला. डाव्या हातातली काडी मोडली होती. मारीझने श्वास रोखला. यानिकने तुकडा टाकला, मांडीखालची दुसरी काडी ओढली. तेवढे दोन ठोके उजव्याने सांभाळले आणि पुढच्या वळणावर डावा जागच्या जागी हजर.

शेवटची झांज वाजली.

गिस्लॅन उठला. यानिकचा हात धरून त्याने तळवा उघडला. बोटांवरची चिकटपट्टी रक्ताने भिजली होती.

"हे फोड ताजे आहेत," तो म्हणाला.

यानिकने हात मागे घेतला.

"रोज दहा तास वाजवतो तो," मारीझ घाईने म्हणाली.

"दिसतंय." म्हाताऱ्याने लोकरी टोपी काढून हातात धरली. "चाळीस वर्षं ऐकतोय मी हे. माझं चुकलं. आजच लिहितो, आणि महोत्सववाल्यांना स्वतः फोन करतो. मला माफ कर, यानिक."

यानिकने मान वर केली नाही.

जिन्यावरची पावलं विरेपर्यंत दोघं हलली नाहीत. मग मारीझने दाराला कडी लावली, यानिकसमोर जमिनीवर बसली आणि त्याच्या बोटांवरची पट्टी हलक्या हाताने सोडवू लागली.

"तू कमाल केलीस," ती म्हणाली. "रेकॉर्डसाठी मी ते ड्रम कॉम्प्युटरवर बसवले ना, तेव्हा मलाच वाटलं होतं, कुणा माणसाला हे वाजवता यायचं नाही."