आवाजाबाबत

बँड सोमवारी मोडला. तिघांनी एकमेकांना तसं स्पष्ट सांगितलं, हात मिळवले, तळघराची किल्ली परत कोणी करायची यावर थोडं भांडूनही घेतलं.

मंगळवारी दुपारी चार वाजता तिघंही सरावाला हजर होते.

"प्लग लाव," ताई म्हणाली.

तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे मशीनवाल्याने, प्लग लावला.

त्यांचं संगीत डार्कवेव्ह. ड्रम-मशीनचा ठोका, सिंथेसायझरचा ओलसर अंधार आणि त्यावर जगण्याला कंटाळलेलं ताईचं गाणं. बँड भूमिगत होता, कारण तळघराशिवाय जागा मिळाली नव्हती. तीही घरमालकाने अट घालून दिलेली : वरून एक लेखी तक्रार आली, की किल्ली परत. जागा गेली की बँड गेला. मशीनवाल्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वर एक निवृत्त हेडक्लार्क राहायचे. पहिल्याच आठवड्यात छतावर त्यांची काठी वाजली. ठक, ठक. मशीनवाल्याने आवाज थोडा उतरवला. दुसऱ्या दिवशी दाराखालून पाकीट आलं. त्यावर सुबक अक्षरात : 'विषय : तळघरातील आवाजाबाबत.'

"उघडू नकोस," बेसवाला लंब्या म्हणाला. "उघडलं नाही म्हणजे मिळालंच नाही."

"कायद्यात असं आहे?"

"माझ्या मामाचा अख्खा संसार यावर चाललाय."

पाकिटं दर महिन्याला येत राहिली. लंब्याने ती सगळी छताला ठोकलेल्या अंड्यांच्या ट्रेमागे कोंबली, आवाज अडवायला. तरी काठी वाजायचीच, आणि मशीनवाला बटण आणखी खाली फिरवायचा.

सात वर्षांत ताईचं गाणं कुजबुजीवर आलं. लंब्या तारांची नुसती विचारपूस करायचा. गंमत म्हणजे नाव झालं ते त्यामुळेच. तीन कॅसेटी निघाल्या. एका समीक्षकाने लिहिलं, 'शेजारच्या थडग्यातून ऐकू यावं तसं.' ताईने कात्रण आईला दाखवलं.

"चांगलं म्हणतोय की वाईट?" आईने विचारलं.

परवा रविवारच्या कार्यक्रमात मात्र शेवटचं गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एकाने अदबीने विचारलं, "सुरू कधी करणार?"

म्हणून तो सोमवार.

आज वाजवायला लागून अर्धा तास झाला, तरी काठी वाजली नाही. मशीनवाल्याने वर पाहिलं.

"डोळा लागला असेल," ताई म्हणाली.

"सात वर्षांत लागला नाही तो?"

"मग वाढव."

त्याने वाढवला. छत गप्प. आणखी वाढवला. ट्रे थरथरले. ताई कित्येक वर्षांनी बेंबीच्या देठापासून गायली, लंब्याने तारांवर सूड उगवला. मशीनवाल्याला वाटलं, बँड खरा आत्ता सुरू होतोय.

तेवढ्यात दार वाजलं. हेडक्लार्कांची सून होती, हातात पाकीट. मशीनवाल्याने आधी बटण खाली केलं, मग मान.

"कमीच ठेवतो आम्ही, वहिनी."

"आता काय गरज. सासरे शनिवारी गेले." तिने पाकीट पुढे केलं. "हे शेवटचं. तुमच्याच हातात द्या म्हणाले. एकाही पत्राला उत्तर नाही, हे फार लागलं होतं त्यांना."

ती गेली. लंब्याने सवयीने पाकीट घेऊन ट्रेकडे हात उंचावला. ताईने त्याचं मनगट धरलं. मशीनवाल्याने पाकीट काढून घेतलं आणि फोडलं.

'संदर्भ : माझी यापूर्वीची त्र्याऐंशी पत्रे, सर्व अनुत्तरित.

महोदय,

माझी श्रवणशक्ती उत्तरोत्तर क्षीण होत असून आपले वादन हाच माझा दुपारचा एकमेव विरंगुळा आहे. आपले लक्ष वेधण्यासाठी काठीही आपटून पाहिली. तथापि दर वेळी कार्यवाही नेमकी उलट झाली. तरी आवाज वाढवून मिळावा, ही पुनश्च नम्र विनंती.'