दाराबाहेरची किल्ली

सातवीचा इंग्रजी साहित्याचा पेपर उद्यावर आला होता आणि कविता काही डोक्यात शिरत नव्हती. “मला इंग्रजी येत नाही, पण ऐकायला भिंतीपेक्षा तरी बरी आहे. समजावून सांग,” लेस विणत चेन्सा आत्या म्हणाली. तिच्या लाकडी रिळांची टकटक कधीच थांबायची नाही. नवऱ्याची होडी परतली नाही त्या संध्याकाळीही थांबली नव्हती. मी आमच्या भाषेत सांगू लागले, “एक बाई आहे. नवरा समुद्रात हरवलाय. रात्री सगळे दाराची किल्ली आत घेतात, ही मात्र त्याच्यासाठी बाहेरच ठेवते.” टकटक थांबली. “हा कवी आपल्या गोझो बेटावर आला होता का गं?” “अगं, तो दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातच मेला.” आत्या दाराकडे बघत राहिली. होडी परतली नाही त्या संध्याकाळपासून तिचीही किल्ली बाहेरच असते. “मग त्याला माझं दार कसं दिसलं? पुन्हा वाच. त्याच्याच शब्दांत.”